आधीच दिसलेलं मरण

स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’ मालिकेतली बेला आणि एडवर्डची प्रेमकथा जगभर गाजली. २००५ साली पहिली कादंबरी आली, २००८ पर्यंत चार झाल्या, त्यांवर चित्रपट निघाले. माझ्या भाचीनं ती पुस्तकं झपाटल्यासारखी वाचली आणि मग मलाही वाचायला लावली. आज त्या प्रेमकथेतलं माझ्या मनात फारसं उरलेलं नाही. उरली आहे ती एडवर्डची मानलेली बहीण, ॲलिस कलन. ठेंगणी, आखूड काळ्या केसांची, चालताना नाचल्याचा भास व्हावा अशी हलकी, आणि सदा कुणाच्या तरी वाढदिवसाच्या नाहीतर लग्नाच्या तयारीत गुंतलेली. ती व्हॅम्पायर आहे. कुणी मारून टाकलं नाही तर तिला मरण नाही. शिवाय तिला पुढचं दिसतं. आपल्या माणसांची मरणं ती घडण्याआधी तिच्या डोळ्यांपुढे येऊन उभी राहतात.

कथेत ॲलिसच्या वाट्याला बहुतेक वेळा मदतनीसाचं काम आलं आहे. संकट यायचं असलं की तिला दिसतं, ती सांगते आणि बाकीचे धावपळ करतात. तिच्या आत काय होत असेल, हे बघायला कथा फारशी थांबत नाही. मला मात्र तिथेच थांबावंसं वाटतं. मेयर यांच्या व्हॅम्पायरांना झोप नाही, त्यांच्या डोळ्यांतून अश्रू येत नाहीत, आणि एकदा पाहिलेलं ते विसरत नाहीत. अशा जिवाला प्रियजनांची मरणं आधी दिसू लागली, तर त्याच्या प्रेमाचं काय होईल? हा प्रश्न मला परका वाटत नाही. रूप बदलून तो आपल्या प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी येतो.

ॲलिसच्या दृष्टीचा नियम आधी समजून घ्यायला हवा, कारण तिच्या दुःखाचं मूळ त्या नियमात आहे. तिला दिसतं ते भविष्य दगडावर कोरलेलं नसतं. कुणी एखादा निर्णय घेतला, की त्या वाटेवर पुढे काय आहे ते तिला दिसतं. निर्णय बदलला की चित्र बदलतं. ज्यात कुणाचा निर्णयच नाही, ते तिला आधी दिसत नाही. बेलाच्या अठराव्या वाढदिवसाची मेजवानी ॲलिसनं हौसेनं आखली होती. भेटवस्तूवरचा कागद सोडवताना बेलाचं बोट कापलं, रक्ताचा थेंब आला, आणि ॲलिसचाच नवरा जॅस्पर भान हरपून बेलाच्या अंगावर धावला. कागदानं बोट कापून घ्यायचं, असं कुणी ठरवत नसतं. म्हणून सगळं बघणारी ॲलिस त्या संध्याकाळी बेसावध राहिली.

जवळच्या माणसाचं मरण आधी कळलेली आपल्या ओळखीची स्त्री म्हणजे सावित्री. महाभारताच्या वनपर्वात नारद सांगतात, की सत्यवान आजपासून एक वर्षानं मरणार. बाप म्हणतो, दुसरा वर निवड. सावित्री निवड बदलत नाही. ती सासरी येते, सासूसासऱ्यांची सेवा करते, मनातल्या मनात दिवस मोजते आणि नवऱ्याला यातलं काही कळू देत नाही. मुदत जवळ आल्यावर त्रिरात्र व्रत करते आणि शेवटच्या दिवशी त्याच्याबरोबर रानात जाते. रानवाटेवरच्या सावित्रीचं महाभारतातलं वर्णन विसरता येत नाही. चेहऱ्यावर हसू आहे आणि आत काळीज चिरत चाललं आहे. वटपौर्णिमेला आपण तिनं यमाशी केलेला संवाद आठवतो. त्याआधीचं मुकं वर्ष कुणी आठवत नाही. मला तिचं खरं तप त्या वर्षात दिसतं.

तरीही सावित्रीला एक आधार होता, तो ॲलिसला नाही. नारदांनी सांगितलेला दिवस ठरलेला होता. सत्यवान गेला असता तर त्याचा दोष सावित्रीवर आला नसता. तिनं यमाला वळवलं, हे तिचं कर्तृत्व. वळवता आलं नसतं तरी तिला कुणी बोल लावला नसता. ॲलिसला दिसणारं प्रत्येक मरण मात्र बदलता येण्याजोगं असतं, आणि तेच अधिक क्रूर आहे. अटळ मरणापुढे माणूस हात जोडतो, रडतो, हळूहळू मोकळा होतो. टळू शकणाऱ्या मरणापुढे रडायला उसंत नसते, तिथे धावावं लागतं. धावूनही ते घडलंच तर दुःखाच्या जोडीला एक प्रश्न जन्माचा सोबती होतो: मी आणखी काय करायला हवं होतं?

ॲलिसच्या बाबतीत हा प्रश्न फार लवकर आला, आणि तो आईच्या रूपानं आला. ती माणूस होती त्या काळाबद्दल कादंबऱ्यांत तुटकच सांगितलं आहे. २०११ साली निघालेल्या मालिकेच्या अधिकृत मार्गदर्शक पुस्तकात मेयर यांनी ती कहाणी भरून काढली. मेरी ॲलिस ब्रँडन, जन्म १९०१, अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातलं बिलॉक्सी हे तिचं गाव. लहानपणापासून तिला पुढचं दिसे. एकदा दिसलं, की आईला कुणीतरी मारणार आहे. तिनं आईला सांगितलं. आई काही काळ जपून राहिली, मग धोका टळला असं वाटून सावधपणा सैल झाला, आणि आई मारली गेली. वडिलांनी लवकरच दुसरं लग्न केलं. खुनामागे वडीलच होते, हे ॲलिसला कळून चुकलं. ती बोलू लागली तेव्हा तिला वेडी ठरवून इस्पितळात कोंडण्यात आलं.

आपल्या लोककथांतला सहदेव त्रिकालज्ञ आहे, पण विचारल्याशिवाय सांगण्याची त्याला मुभा नाही. लहानपणी मला ही अट विचित्र वाटायची. ज्याला कळतं त्यानं सांगितलं तर बिघडलं कुठे? ॲलिसची कहाणी वाचल्यावर त्या अटीमागचा अनुभव लक्षात आला. मरणाची खबर देणाऱ्याला लोक त्या मरणात सामील धरतात. घरातल्या ज्या पोरीनं सगळ्यांच्या आधी धोका ओळखला, तिलाच घराबाहेर काढण्यात आलं.

इस्पितळात तिला विजेचे झटके दिले गेले आणि त्यात तिची सगळी स्मृती पुसली गेली, असं मेयर सांगतात. इतिहासाशी हे जुळत नाही. हा उपचार उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी रोममध्ये पहिल्यांदा केला तो १९३८ साली, आणि ॲलिस तर १९२० च्या सुमारास व्हॅम्पायर झालेली आहे. पण काळाची ही ओढाताण मला सूचक वाटते. आईचं मरण आधी बघितलेली, ते टाळू न शकलेली आणि बापानंच ते घडवलं हे जाणणारी मुलगी पुढे वाढदिवसाच्या मेणबत्त्या लावत हसत फिरू शकेल, हे लेखिकेलाही शक्य वाटलं नसावं. त्या हसण्यासाठी आधी सगळं पुसून टाकणं भाग होतं.

इस्पितळात काम करणाऱ्या एका जुन्या व्हॅम्पायरनं तिला दुसऱ्या एका शिकारी व्हॅम्पायरपासून वाचवण्यासाठी आपल्यासारखं केलं. ती जागी झाली तेव्हा एकटी होती आणि मागचं काहीच आठवत नव्हतं. पुढे अनेक वर्षांनी तिनं आपला शोध घेतला तेव्हा बिलॉक्सीत स्वतःची कबर सापडली. कबरीवरची तारीख आणि इस्पितळात दाखल झाल्याची तारीख एकच होती. घरच्यांनी ती जिवंत असतानाच तिचा मृत्यू जाहीर करून टाकला होता. सिंथिया नावाची धाकटी बहीण होऊन गेली होती, आणि त्या बहिणीची मुलगी अजून गावात होती. इतरांची मरणं आधी बघणाऱ्या या मुलीला स्वतःचं मरण असं उशिरा, दगडावर वाचायला मिळालं.

स्मृती गेली तरी पहारा सुटला नाही, असं मला वाटतं. जागी झाल्याबरोबर तिला पहिल्यांदा दिसला तो जॅस्पर, ज्याला ती कधी भेटलेली नव्हती. त्याच्यासाठी ती १९४८ पर्यंत थांबली. मग दोघांनी मिळून कलन कुटुंब शोधून काढलं. त्या घरातल्या कुणाशीही तिचं रक्ताचं नातं नाही. तरी घरातल्या प्रत्येकाच्या उद्यावर तिची अहोरात्र नजर असते. आईच्या वेळी नजर सैल झाली आणि आई गेली, हे तिला आठवत नाही. तिच्या वागण्यात मात्र ते शिल्लक आहे. विसरलेलं दुःख माणसाच्या सवयींत राहतं. ते आपल्याही घरांत दिसतं. कुणी रात्री तीनदा उठून दाराची कडी तपासतो, कुणाला मूल शाळेतून यायला जरा उशीर झाला की घाम फुटतो. कारण विचारलं तर सांगता येत नाही.

बेलाच्या बाबतीत तर ॲलिसवर याहून अवघड पाळी येते. तीच कथा एडवर्डच्या बाजूनं सांगणारी ‘मिडनाइट सन’ ही कादंबरी २०२० साली आली. त्यात एडवर्डला ॲलिसच्या मनात बेलाची दोन भविष्यं दिसतात. एकात बेला व्हॅम्पायर झालेली आहे. दुसऱ्यात ती मरून पडली आहे, आणि तिला मारणारा आहे खुद्द एडवर्ड. ॲलिस तेव्हा बेलाशी एक शब्दही बोललेली नाही. पण ही मुलगी आपली जिवलग मैत्रीण होणार, हेही तिला दिसलेलं आहे. म्हणजे मैत्री अजून व्हायची आहे आणि मैत्रिणीचा मृतदेह आधीच डोळ्यांपुढे आहे. मारणारा आपला भाऊ आहे. अशा वेळी कोणीही पाय मागे घेईल, जवळ जायलाच नको म्हणेल. ॲलिस पुढे होते आणि बेलाचा हात धरते. या एका कृतीसाठी मला ती सावित्रीच्या कुळातली वाटते. मरण कळल्यावरही सावित्रीनं वर बदलला नाही, ॲलिसनंही मैत्रीण बदलली नाही.

आधी दिसणं माणसाला शहाणं करतं असं आपण धरून चालतो. ‘न्यू मून’ या दुसऱ्या कादंबरीत ते खोटं ठरतं. ॲलिसला दिसतं, की बेला समुद्राकाठच्या कड्यावरून उडी मारते आहे. मग काहीच दिसत नाही. तिला मरण दिसलेलं नाही, फक्त पुढचं दिसेनासं झालं आहे. बेलाला पाण्यातून बाहेर काढणारा जेकब हा लांडग्याचं रूप घेणारा आहे, आणि अशांचं भविष्य ॲलिसला दिसत नाही. चित्र पुसलं गेलं ते बेलाला वाचवलं गेल्यामुळे. ॲलिस मात्र बेला गेली असं धरून चालते, आणि निदान तिच्या वडिलांना काही मदत करता येईल म्हणून धावत येते. तोवर बातमी एडवर्डपर्यंत पोचलेली असते. तो स्वतःला संपवण्यासाठी इटलीतल्या व्होल्तेरा गावी, व्होल्तुरी या व्हॅम्पायरांच्या सत्ताधाऱ्यांकडे निघतो. बेला घरी सुखरूप उभी आहे आणि तिच्या मरणाचं दुःख दुसऱ्याचा जीव घ्यायला निघालं आहे.

इथे मला एका खऱ्या निरीक्षणाची आठवण होते. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी बॉस्टनच्या ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं मेली. मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडेमान यांनी त्या आगीत आपली माणसं गमावलेल्यांवर उपचार केले आणि शोकाबद्दलचा त्यांचा प्रसिद्ध लेख १९४४ साली आला. त्यात त्यांनी आगाऊ शोकाचीही नोंद केली आहे. महायुद्ध चालू होतं. नवरा आघाडीवर गेला की बायको घरी बसून त्याचं मरण मनात रोज जगायची. एक सैनिक जिवंत परत आला आणि त्याला आढळलं, की बायकोचं आता आपल्यावर प्रेम उरलेलं नाही. तिनं त्याचा शोक इतका पुरता करून टाकला होता, की परत आलेल्या माणसाला तिच्या आयुष्यात जागाच उरली नव्हती.

आधी दिसलेल्या मरणाचा हा सगळ्यात मोठा धोका आहे. त्यानं माणूस जिवंत असताना आपल्यापुरता मरतो.

आमच्या आत्याचा रिपोर्ट आला तेव्हा हे मी घरात पाहिलं. तिला काही सांगायचं नाही, असं मोठ्यांनी ठरवलं, जसं आपल्याकडे बहुतेक घरांत ठरतं. मग घरातले सगळे आवाज खाली आले. तिच्यापुढे कुणी भांडेना, कुणी तिला उलट बोलेना, ती काही म्हणाली की सगळे एकदम हो म्हणायचे. उन्हाळ्यात ती माजघरात विळी घेऊन लोणच्याच्या कैऱ्या चिरायला बसली, तर आईनं तिच्या हातातून विळी काढून घेतली. ‘‘वन्सं, तुम्ही पडा जरा, मी करते.’’ आत्यानं आईकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांकडे बघितलं. म्हणाली, ‘‘वहिनी, मला कळलंय सगळं. पण मी अजून आहे ना? मग आहे तशीच वागवा मला.’’ आणि हात पुढे करून तिनं विळी परत मागून घेतली. त्या वर्षीचं लोणचं तिनंच घातलं. मसाल्यात मीठ जास्त झालं म्हणून आईशी तिचा वादही झाला, आणि त्या वादानं घर पुन्हा घरासारखं झालं.

ॲलिसच्या मेजवान्या, तिची कपड्यांची हौस, लग्नाच्या तयारीतला तिचा उत्साह हे सगळं अनेक वाचकांना उथळ वाटतं. मला त्यात आत्याच्या विळीचा हट्ट दिसतो. ज्याला उद्याचं प्रेत दिसू शकतं, त्यानं आज त्या माणसाचा वाढदिवस थाटानं करणं ही साधी गोष्ट नाही. तू आज आहेस, हे त्याला ठासून सांगण्याचा तो तिचा मार्ग आहे.

हा मार्ग तिनं धरला नसता तर ती कुठे पोचली असती, याचंही उदाहरण त्याच कथेत आहे. व्होल्तुरींच्या तीन म्होरक्यांपैकी मार्कस याची बायको डिडिमी मारली गेली. मारणारा होता तिचा सख्खा भाऊ आरो. मार्कसला ते ठाऊक नाही. तेव्हापासून शतकानुशतकं मार्कस आसनावर बसून आहे, कशातच रस नसलेला. माणसाचं दुःख काळ ओसरवतो, कारण आपलं शरीर बदलतं, आठवण विरळ होते, झोप येते. व्हॅम्पायरला यातलं काहीच मिळत नाही. पहिल्या दिवशीचं दुःख हजाराव्या वर्षीही तितकंच धारदार राहतं. मार्कसनं निदान एकच मरण पाहिलं. ॲलिसनं किती पाहिली असतील, आणि त्यातली किती प्रत्यक्षात घडलीच नाहीत?

न घडलेल्या मरणांचं दुःख कुठे जातं, हा प्रश्न मला शेवटच्या चित्रपटानं विचारायला लावला. ‘ब्रेकिंग डॉन’ या कादंबरीत व्होल्तुरी आणि कलन कुटुंब समोरासमोर येतात, पण लढाई होत नाही. बिल काँडन यांनी दिग्दर्शित केलेल्या २०१२ च्या चित्रपटात मात्र बर्फाच्या मैदानावर भीषण लढाई होते. ज्याला ॲलिस वडील मानते तो कार्लाइल मारला जातो. मग तिच्या डोळ्यांदेखत जॅस्पर मारला जातो. आणि नंतर उलगडतं, की यातलं काही घडलेलंच नाही. आरो स्पर्शानं समोरच्याच्या मनातलं सगळं वाचतो. ॲलिसनं त्याच्या हाती हात देऊन त्याला हे होऊ घातलेलं दाखवलं, आणि स्वतःचं मरण बघून तो मागे फिरला. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतात. मला ते जमलं नाही. आपल्यासाठी ते दृश्य खोटं ठरलं, ॲलिससाठी ते पाहिलेलंच राहिलं. तिनं नवऱ्याला मरताना पाहिलं आहे आणि ती विसरू शकत नाही. त्या रात्री घरी जाऊन जॅस्परशेजारी बसताना तिच्या मनात काय असेल? युद्ध टळलं म्हणून सगळे आनंदात असताना त्या युद्धातून एकटी ॲलिस परत आलेली आहे.

म्हणूनच तिची एक लहानशी गोष्ट मला मोलाची वाटते. बेलाच्या पोटातलं मूल अर्धं माणूस, अर्धं व्हॅम्पायर. त्याचं भविष्य ॲलिसला दिसत नाही, आणि बघायची धडपड करून करून तिचं डोकं दुखू लागतं. मग तिला शोध लागतो, की जेकबजवळ बसलं की ठणका थांबतो, कारण त्याच्याजवळ काहीच दिसत नाही. ज्या जमातीशी तिच्या लोकांचं जुनं वैर, त्यांच्यातल्या एकाशेजारी जाऊन ती विसाव्यासाठी बसते. न दिसण्यात इतकी विश्रांती असते.

ही विश्रांती खरी माणसंही जाणून निवडतात. हंटिंग्टन हा मेंदूचा आजार आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते, आणि त्याला बरं करणारा उपाय नाही. नॅन्सी वेक्सलर यांची आई या आजारानं गेली. वेक्सलर यांनी व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या बाधित कुटुंबांत वर्षानुवर्षं काम केलं. १९८३ मध्ये त्या जनुकाचा माग लागला आणि १९९३ मध्ये जनुक सापडलं. चाचणी हाताशी आली, तेव्हा धोका असलेल्या बहुसंख्य लोकांनी ती करून घेतली नाही. आपल्याला हा आजार असल्याचं वेक्सलर यांनी २०२० साली जाहीर केलं. चाचणी न करणाऱ्यांना भित्रं म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. आपल्या मुलांकडे बघताना तारीख डोळ्यांपुढे नको, एवढीच त्यांची मागणी असते. ॲलिसला ती मागणी करायची सोयही नाही.

आणि तरी तिच्या हातून शेवटी जे घडतं, ते न दिसणाऱ्याच्या बळावर घडतं. फुलं मांडत असताना तिला, बेलाच्या मुलीला धोका मानून चालून येणारे व्होल्तुरी दिसतात आणि हातातली फुलदाणी पडून फुटते. घरातल्या सगळ्यांचं मरण ठरल्यात जमा आहे. ती जॅस्परला घेऊन रातोरात निघून जाते. मागे ठेवते ती ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’च्या प्रतीतून फाडलेल्या पानावर लिहिलेली चिठ्ठी. घरच्यांना वाटतं, हरणार हे दिसलं म्हणून ती जीव वाचवायला पळाली. खरं कारण ती कुणालाच सांगू शकत नाही. एडवर्ड मनं वाचतो, आरो स्पर्शानं सगळं काढून घेतो. ज्याला कळलं त्याच्याकडून ते शत्रूला कळणार. ती दक्षिण अमेरिकेत जाते आणि बेलाच्या मुलीसारखाच एक अर्धव्हॅम्पायर, नाहुएल, शोधून आणते. अशी मुलं वाढतात आणि कुणाला धोका देत नाहीत, याचा तो जिवंत पुरावा असतो. लक्षात घ्यायचं ते असं, की अर्धव्हॅम्पायर ॲलिसला दिसत नाहीत. ज्या दृष्टीवर ती आयुष्यभर विसंबली, ती इथे निरुपयोगी होती. तिला आपल्यासारखंच, पुढे काय आहे हे माहीत नसताना, जंगलं तुडवत शोधावं लागलं.

माझ्या लेखी ॲलिसचं मोठेपण या प्रवासात आहे. मरण दिसल्यावर ती त्याच्याकडे बघत बसली नाही, आगाऊ शोक केला नाही, आणि प्रिय माणसांच्या मनात काही काळ पळपुटी ठरण्याची किंमतही तिनं मोजली. दिसण्यानं कुणी वाचलं नाही. दिसल्यावर तिनं जे केलं, त्यानं वाचले. बिलॉक्सीच्या मुलीला आई वाचवता आली नव्हती. या ॲलिसला घर वाचवता आलं. पहिलीचं अपयश हा तिचा दोष नव्हता आणि दुसरीचं यश हे तिच्या दृष्टीचं नव्हे, तिच्या कष्टांचं आहे.

आपल्याला ॲलिससारखं काही दिसत नाही. पण ज्यांच्या घरात एखादा रिपोर्ट आलेला आहे, ज्यांच्या आईवडिलांचं वय आता बोटांवर मोजायला लावणारं आहे, त्यांना थोडं फार दिसतंच. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. करण्यासारखं जे असेल ते करा, औषधपाण्यात कसूर ठेवू नका. पण त्या माणसाला वगळून त्याच्याबद्दल कुजबुजत निर्णय घेऊ नका, आणि तो गेल्यासारखं त्याच्याकडे बघू नका. त्याच्याशी भांडा, त्याच्याकडून काम करून घ्या, त्याचा वाढदिवस करा. शोकाला नंतर भरपूर वेळ मिळतो. जिवंत माणसाला मिळालेला वेळ तेवढाच असतो, आणि तो त्याचा आहे.